मानेतली गाठ

तंजावरकडच्या तिरुभुवनम गावी विणकर आळीत कोणाचं डोकं दुखलं तर दोन उपाय होते. एक मेडिकलमधली गोळी आणि दुसरा अंबाबाईचा अंगठा. गोळ्या खाऊन दमलेली माणसं शेवटी अंगठ्याकडेच येतात, असं अंबाबाईचं म्हणणं होतं. आळीचंही तेच म्हणणं होतं, निदान तिच्या तोंडावर तरी.

विणकराचं डोकं दुखतं ते डोक्यामुळं नव्हे, मानेमुळं. दिवसभर मागावर मान वाकलेली, नजर फणीत अडकलेली. मग कवटीच्या खालच्या कडेला, जिथं केस सुरू होतात तिथं, सुपारीएवढी गाठ धरते. दुखणं तिथून निघतं, कानामागून वर चढतं आणि भुवईवर येऊन ठाण मांडतं. अंबाबाई माणसाला आडवं करी, डोकं मांडीवर घेई, तिळाचं कोमट तेल बोटांना लावी आणि डोक्याचा सगळा भार तळव्यावर तोलून अंगठा गाठीवर ठेवी. रगडणं नाही, चोळणं नाही. नुसतं दाबून धरायचं आणि वाट पाहायची. हातानं आधी ऐकावं, मग दाबावं, असं तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं. पंधरा-वीस श्वासांनी गाठ अंगठ्याखाली लोण्यासारखी सुटायची. मग अंबाबाई विचारायची, “कमी झालं का?” आणि समोरचा म्हणायचा, “झालं.”

नाही झालं असं तिला आजवर कोणी म्हणालेलं नव्हतं. त्यात अंगठ्याचा गुण किती आणि अंबाबाईच्या जिभेचा धाक किती, हे देव जाणे.

घरात माणसं तीन. अंबाबाई, तिचा मुलगा जयकुमार आणि सून जननी. राजाच्या फौजेबरोबर कोणी पूर्वज तंजावरला आला होता म्हणे. आता फौज नाही, राजा नाही, उरली ती मराठी, तीही उंबऱ्याच्या आत. उंबरा ओलांडला की तमिळ. जयकुमारच्या आजोबांनी शेजारच्या सौराष्ट्री विणकरांकडून माग शिकून घेतला आणि तेव्हापासून हे घर रेशमावर जगत होतं.

मागावर सध्या कोर्वै साडी होती, म्हणजे काठ एका रंगाचा, अंग दुसऱ्या रंगाचं, आणि दोन्ही विणतानाच एकमेकांत गुंतवायचे. हे एकट्याचं काम नव्हे. जयकुमार मधला धोटा टाकी आणि डाव्या अंगाला पाटावर बसून जननी काठाचा धोटा टाकी. प्रत्येक धाग्याला तिनं मान डावीकडं वळवून वाकायचं. तिला सातवा लागला होता, पोट मांडीवर येत होतं, तरी हात चालत होते. ही साडी शुक्रवारी कापून द्यायची होती. विणकर सोसायटीचे वैद्यनाथ मंगळवारी दारात उभे राहून सांगून गेले, मयिलाडुतुरैचं लग्न आहे, नवरीची साडी आहे, शुक्रवार चुकला तर पुढच्या साडीचा ताणा दुसऱ्या घरी जाईल. ते आवाज न चढवता बोलले, म्हणूनच जयकुमारनं त्यांचं बोलणं फार मनावर घेतलं.

चौथ्या-पाचव्या महिन्यातही जननीचं डोकं दुखायचं. तेव्हा अंबाबाई तिला डाव्या कुशीवर घेई, अंगठा मानेच्या डाव्या बाजूला जाई आणि गाठ बरोबर तिथं असे. दाबून धरलं की दुखणं उतरे आणि पोरगी मांडीवरच झोपून जाई. गर्भारपणात गोळ्या खाऊ नयेत हे दवाखान्यातही सांगत होते, त्यामुळं अंगठ्याचा मान आणखी वाढला. नर्स कीर्तीनंही ते एकदा पाहिलं होतं. ती गावच्या उपकेंद्रात होती, स्कूटीवर फिरायची, वय जेमतेम सत्तावीस. तिनं पाहून मान डोलावली आणि वर म्हणाली, मान आखडली असेल तर खुशाल दाबा पाट्टी, पण सहावा उलटल्यावर डोकं दुखलं तर आधी मला बोलवा, मग अंगठा लावा.

पाट्टी म्हणजे आजी. त्या आजीला हे फार लागलं. हिच्या आईचं डोकं कोणी उतरवलं होतं, असं तिनं त्या दिवशी तीन घरी जाऊन विचारलं. माझ्या अंगठ्याला आता चिठ्ठी लागते काय, असंही विचारलं. आणि तेव्हापासून कीर्तीचं नाव निघालं की ती उठून स्वयंपाकघरात जायची.

मागच्या रविवारी जननीचं वळैकाप्पु झालं होतं. सातव्या महिन्यात गर्भारणीच्या हातात दोन्हीकडं काचेच्या बांगड्या भरतात, कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत. त्या वाजल्या की पोटातलं मूल ऐकतं. बाळंत होईपर्यंत त्या उतरवायच्या नाहीत. आळीतल्या सवाष्णी आल्या, शेजारच्या विशालाक्षीनं पहिली बांगडी भरली. अंबाबाई विधवा, ती दाराआड उभी होती. घरचं कार्य, घरची सून, आणि हिनं फटीतून बघायचं. पायसात साखर कमी पडली हे तिनं तिथूनच ओळखलं, पण सांगायला बाहेर येता येईना. रीत म्हणून तिनं ते गिळलं. सगळ्या गेल्यावर तिनं सुनेला जवळ बसवून डोक्याला तेल लावलं. आपल्याला एवढंच करता येतं, असं तिला वाटलं.

मंगळवारी दुपारी जननीनं धोटा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं. अंबाबाईनं तेल कोमट केलं, तिला कुशीवर घेतलं आणि मानेखाली बोटं सरकवली. अंगठा नेहमीच्या जागी गेला.

गाठ नव्हती.

तिनं जरा वर पाहिलं, जरा खाली, कानामागं, मग उजवीकडं. मान मऊ होती, निजलेल्या लेकराच्या मानेसारखी. मग दुखणं यायचं कुठून? पण तीस वर्षांचा हात, तो मोकळा कसा परत येणार? जिथं काही नव्हतं तिथंच तिनं अंगठा दाबून धरला आणि वीस श्वास मोजले.

“कमी झालं का, पोरी?”

“झालं, अत्ते,” जननी म्हणाली. सासूला ती इकडच्या रीतीनं अत्ते म्हणायची. म्हणताना तिनं डोळे मिटलेलेच ठेवले, आणि उठताना भिंत धरली. अंबाबाईनं ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

बुधवारी उपकेंद्रात तपासणीचा दिवस होता. जयकुमार म्हणाला, अर्धा वार विणायचा राहिलाय आणि पदर बाकी आहे, पुढच्या बुधवारी जाऊ. अंबाबाई काही बोलली नाही. जाऊ नये असं तिला वाटत नव्हतं. कीर्ती विचारील, डोकं दुखतं का, आणि मग सगळं निघेल, एवढंच तिच्या मनात होतं. मनातलं ते तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

त्या दिवशी पाऊस धरून होता. हवेत दमट वास, मागाच्या खड्ड्यात ओल, रेशीम सैल पडून सारखं ताणावं लागत होतं. जननी दर थोड्या वेळानं डोळे चोळत होती. जयकुमारनं विचारलं तर म्हणाली, डोळ्यांपुढं जरी दिसते, चमकून जाते, बारीक बारीक तुकडे.

जयकुमार हसला. “मला बारा वर्षं दिसते. डोळे मिटले की जरी. विणकराच्या बायकोला आणखी काय दिसंल?”

ते खरंच होतं. आळीत कोणालाही विचारा, दिवसभर जरीवर नजर ठेवली की संध्याकाळी डोळ्यांपुढं सोनं नाचतं. पोरींची त्यावरून थट्टा होते, की हिला झोपेतही साड्या मिळतात. अंबाबाईही हसली. जननी हसली नाही. विणकराला जरी दिसते ती डोळे मिटल्यावर आणि हिला दिसत होती उघड्या डोळ्यांनी, भिंतीवर, ताटातल्या भातावर, सासूच्या तोंडावर. पण एवढा फरक विचारायला कोणाला सवड होती? त्या घरात हीच चूक होण्यासारखी होती आणि ती झाली.

त्या दिवशी अंबाबाईनं दोनदा डोकं दाबलं. दोन्ही वेळा मान मऊ. दोन्ही वेळा जननी म्हणाली, झालं, अत्ते.

गुरुवारी सकाळी अंबाबाई मागील दारी भांडी घासत होती. आत माग चालला होता. फणीचा ठोका, मग धोट्याची सरसर, मग पुन्हा ठोका. रोजचाच आवाज. पण त्यात काहीतरी कमी होतं आणि ते काय हे तिला कळेना. आमटीत मीठ राहिलं की जीभ अडते तसा तिचा कान अडला. हातातलं भांडं तसंच धरून ती ऐकत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. बांगड्या वाजत नव्हत्या.

रविवारपासून जननीनं हात हलवला की घर किणकिणत होतं. आता धोटा जात-येत होता आणि बांगड्या गप्प होत्या.

ती राखेचे हात तसेच घेऊन आत आली. जननीच्या हातांकडं पाहिलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? दोन्ही हात सुजून आले होते, बांगड्या कातड्यात रुतल्या होत्या आणि त्यांच्या मधलं मांस वळ्यावळ्यांनी वर आलं होतं. पायातलं जोडवंही बोटात बुडालं होतं. चेहरा भरलेला दिसत होता. काल विशालाक्षी त्याच चेहऱ्याला म्हणाली होती, तेज चढलंय, मुलगी होणार.

तेवढ्यात जननीचा धोटा सुटला. काठाऐवजी अंगात शिरला आणि चार धागे तोडून खाली पडला. जयकुमार ओरडला नाही, पण त्यानं हात कपाळाला लावला. जननी उठायला गेली आणि तिथंच ओकली. “इथं,” ती छातीखाली हात ठेवून म्हणाली, “इथं कोणी आवळतंय.”

तिला पडवीत निजवलं. अंबाबाईनं सवयीनं डोकं मांडीवर घेतलं, सवयीनं विचारलं, मान दुखते का. जननीनं मान हलवली, नाही. कपाळ, ती म्हणाली, सगळं कपाळ. अंबाबाईनं भुवयांच्या वर अंगठा टेकवला. जोर असा लावलाच नाही. दोन श्वास ठेवला आणि उचलला.

अंगठा उठला आणि कपाळावर त्याचा खळगा राहिला.

अंबाबाई तो भरून यायची वाट पाहत राहिली. भरेना. हा खळगा तिनं एकदा पाहिला होता.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिची नणंद सुंदरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. याच पडवीत तिचं डोकं अंबाबाईच्या मांडीवर होतं. तेव्हा हात नवा होता, अंगात उमेद होती. तिनं खूप दाबलं. सुंदरी म्हणाली, बरं वाटलं, वैनी. तिच्या कपाळावर असाच खळगा पडला होता आणि असाच राहिला होता. दिवेलागणीला सुंदरीला झटके आले. दात बसले, डोळे फिरले, आणि माणसं गाडी आणायला धावेपर्यंत दोन जिवांचा निकाल लागला. कोणी म्हणालं नजर, कोणी म्हणालं वेळ. अंबाबाईला कोणीही काही म्हणालं नाही. पण तिनं मनाशी धरलं की आपला अंगठा जास्त रुतला, डोक्यातलं काहीतरी आपल्या हातानं तुटलं. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तो जाऊनही आता सोळा वर्षं झाली होती.

तिनं दोन्ही हात मागं घेतले आणि पदरात गुंडाळले. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते तिला त्या घडीला कळलं. पुन्हा मीच? तिला वाटलं. पुन्हा याच हातानं?

“जया,” ती म्हणाली. “कीर्तीस बोलाव. ह्या घडीला.”

जयकुमार बघतच राहिला. आईच्या तोंडून ते नाव आलं हेच त्याला पुरेसं झालं असावं. त्यानं लगेच फोन लावला.

कीर्ती दहा मिनिटांत आली, रेनकोट न काढताच आत शिरली. जननीच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला. पुन्हा फुगवला, पुन्हा पाहिला. बोलली ती अगदी हळू, आणि त्यामुळंच घर जास्त घाबरलं. एकशे बहात्तर आहे, ती म्हणाली. रक्तदाब चढलाय, मेंदूपर्यंत गेला तर झटके येतील. रुग्णवाहिकेच्या एकशे आठ नंबरवर तिनं आधीच कळवलं होतं. गाडी आडुतुरैहून निघाली होती. मग तिनं जननीचे हात पाहिले.

“ह्या बांगड्या काढा. नस दिसायला हवी, आणि सूज वाढली तर काच आत घुसेल.”

काढायच्या कशा? साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं, एकही हलेना. फोडा, कीर्ती म्हणाली. विशालाक्षी तोवर दारात आली होती. तिनं तोंडावर पदर घेतला. वळैकाप्पुच्या बांगड्या बाळंत व्हायच्या आत फोडायच्या? नवऱ्याच्या देखत? हे अभद्र मी करणार नाही, ती म्हणाली आणि एक पाऊल मागं सरली. कीर्तीनं जयकुमारकडं पाहिलं. त्याचे हात इतके कापत होते की त्याच्याकडून मनगटच चिरलं असतं. कीर्ती स्वतः सुईची तयारी करत होती आणि तिचा एक डोळा जननीच्या जबड्यावर होता.

अंबाबाईच्या बांगड्या कावेरीच्या काठावर फुटल्या होत्या. चार बायकांनी हात धरून दगडावर आपटल्या होत्या आणि मनगटावर अजून एक पांढरा वण होता. ज्या हातानं बांगडी भरायला मनाई, त्या हातानं सवाष्णीची बांगडी फोडली तर आळी काय म्हणेल, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण आळी तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजलेली नव्हती.

“इकडं दे हात,” ती म्हणाली.

तिनं मागाखालून रेशमाचं गुंतवळ घेतलं, ओलं केलं आणि काडीनं एका बांगडीच्या खाली सरकवलं, काच आणि कातडं यांच्या मध्ये. वरून दुसरं फडकं धरलं. मग अंगठा टेकवला. तिनं श्वास घेतला आणि दाबला. टक्क. बांगडी दोन जागी तुटली, फडक्यात आली, कातड्याला ओरखडाही नाही. तिनं तुकडे बाजूला ठेवले आणि दुसरीखाली गुंतवळ सरकवलं. हिरवी, लाल, पुन्हा हिरवी. एका हातात एकवीस होत्या. दारात विशालाक्षी रडत होती. जननीनं डोळे उघडले आणि पाहिलं की काय चाललंय. तिच्या डोळ्यांत भीती होती, पण तिनं हात ओढून घेतला नाही.

“अत्ते,” ती म्हणाली, “मला कमी झालंच नव्हतं. मंगळवारपासून.”

“ठाऊक आहे, पोरी,” अंबाबाई म्हणाली. “माझ्या हातास ठाऊक होतं. मीच बोलले नाही.”

डावा हात मोकळा झाला तेव्हा कीर्तीनं त्यात सुई घातली. उजवा होत आला तेव्हा गाडीचा भोंगा ऐकू आला. अंबाबाईनं शेवटच्या तीन बांगड्या गाडीत बसून फोडल्या. बाहेर पावसानं रस्ता दिसत नव्हता आणि ती मनातल्या मनात कोणाकोणाला नवस बोलत होती ते तिलाही नंतर आठवलं नाही.

कुंभकोणच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं ते हे, की डोकं कधीपासून दुखतंय. जयकुमार म्हणाला, आज सकाळपासून. तो खोटं बोलत नव्हता, त्याला तेवढंच माहीत होतं. अंबाबाई पुढं झाली. तिच्या अंगावर राखेनं माखलेलं लुगडं, केसांत काचेचा चुरा. तमिळमध्ये ती नेहमी ठसक्यात बोलायची, आज शब्द एकेक करून काढावे लागले. मंगळवारपासून, ती म्हणाली. मी दाबत होते. मानेत गाठ नव्हती, म्हणजे दुखणं मानेचं नव्हतं, ते मला पहिल्या दिवशी कळलं. तिच्या डोळ्यांपुढं जरी यायची, आम्ही हसलो. काल तपासणी होती, मी तिला पाठवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं, रागावल्या नाहीत. रागवायला त्यांना वेळ नव्हता. झटके येऊ नयेत म्हणून औषध सुरू केलं. त्यानं जननीच्या अंगाची आग आग झाली आणि ती पाणी पाणी करू लागली. रक्तदाब उतरला तर थोडं थांबू, नाहीतर पोट उघडून बाळ काढावं लागेल, असं सांगून त्यांनी दार लावून घेतलं. अंबाबाई बाकावर बसली. तिचा अंगठा काचेनं दोन ठिकाणी कापला होता आणि ते तिला तिथं बसल्यावर कळलं.

शुक्रवारी सकाळी, साडी कापायची जी वेळ होती त्या वेळेला, मुलगी झाली. दीड किलोचीही नव्हती. रडली ती मांजराच्या पिलाएवढं, आणि तिला लगेच काचेच्या पेटीत नेलं. जननी जिवंत होती. डॉक्टरीणबाई जयकुमारला म्हणाल्या, काल संध्याकाळपर्यंत घरी ठेवली असती तर आज मी हे सांगायला उभी राहिले नसते.

दुपारी कीर्ती बघायला आली. अंबाबाईनं तिला नळाच्या कोपऱ्यात नेलं आणि सुंदरीचं सांगितलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. कपाळावरचा खळगा, वैनी बरं वाटलं, दिवेलागण, सगळं. आणि मग विचारलं ते, जे आजवर कोणाला विचारलं नव्हतं. “माझ्या अंगठ्यानं गेली का गं ती?”

कीर्तीनं त्या चिंधी बांधलेल्या अंगठ्याला हात लावला. “अंगठ्यानं नाही, पाट्टी. अंगात पाणी साठलं होतं, म्हणून खळगा पडला. तोच आजार होता. तुम्ही दाबलं नसतं तरी गेली असती.”

अंबाबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. आपण मारलं नव्हतं, या सुटकेनं रडली. आणि मग दुसरं ध्यानात आलं तेव्हा अधिक रडली. हे अठ्ठावीस वर्षांत एकदा जरी कोणाला विचारलं असतं, तर खळगा म्हणजे काय, सूज म्हणजे काय, हे तिला केव्हाच कळलं असतं. मंगळवारीच जननी इथं आली असती. अंगठ्यानं तेव्हाही खरं सांगितलं होतं आणि तिनं भिऊन ते पदराखाली ठेवलं होतं.

वैद्यनाथ येऊन अपुरी साडी पाहून गेल्याचं जयकुमारनं सांगितलं. पुढचा ताणा मिळणार नाही, निदान पोंगलपर्यंत. अंबाबाईनं ऐकलं आणि पेटीतल्या बाळानं आज किती दूध घेतलं ते विचारलं.

नवव्या दिवशी जननी खाटेवर बसून वाटीत दूध काढत होती, बाळाला नळीनं पाजायला. मान वाकलेली, डावीकडं कललेली. वाटी खाली ठेवून तिनं कपाळाला हात लावला.

अंबाबाईचे हात आपोआप पुढं गेले होते. ते तिनं मागं घेतले, उठली, आणि ड्यूटीवरच्या नर्सला घेऊन आली. पट्टा बांधला, फुगवला. अंबाबाई त्या आकड्याकडं अशी पाहत होती की जणू तो तिला वाचता येत होता. एकशे अठ्ठावीस, नर्स म्हणाली, चांगलं आहे. डोळ्यांपुढं काही दिसतं का? नाही. पोट? नाही. कुठून दुखतंय? जननीनं मानेमागं बोट नेलं.

“आता दाबू का?” अंबाबाईनं विचारलं. नर्सला विचारलं. नर्स म्हणाली, दाबा की, पाट्टी.

तिनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. तेल नव्हतं, हात नुसतेच चोळून ऊन केले. बोटं मानेखाली गेली, भार तळव्यावर आला आणि अंगठा डाव्या बाजूला, कवटीच्या कडेशी गेला.

गाठ होती. सुपारीएवढी, टणक, जिथं असायची तिथंच.

अंबाबाईच्या डोळ्यांना धार लागली. आयुष्यात कुठल्या दुखण्याला पाहून तिला इतका आनंद झाला नव्हता. तिनं अंगठा टेकवला आणि वीस श्वास मोजले. आसवं जननीच्या केसांत पडत होती.

“कमी झालं का, पोरी? खरं सांग.”

जननीनं डोळे उघडून सासूकडं पाहिलं.

“नाही, अत्ते. अजून नाही.”

“बरं,” अंबाबाई म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून श्वास मोजू लागली.